पट्टीत बांधलेला कोनमापक

झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनहून यवतमाळ रस्त्याने शंभर किलोमीटरहून लांब. कोळसा, सिमेंट आणि कापसाच्या या टापूत गुडघा किंवा खुबा मोडला, तर माणूस शस्त्रक्रियेसाठी कसाबसा वर्धा-नागपूर गाठतो. खरी अडचण टाके निघाल्यावर सुरू होते. पुढचे कित्येक आठवडे रोज व्यायाम हवा, त्यावर जाणत्याची नजर हवी. रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीत रुग्णासोबत जाणाऱ्याचीही मजुरी बुडते. मग व्यायाम सुटतो आणि सांधा आखडतो.

अंगावर बांधायचा सेन्सर या काळात कामी येतो. एक मांडीवर, एक पिंढरीवर, अशा दोन छोट्या डब्या पट्ट्याने बांधतात. आतला जायरोस्कोप पाय किती वेगाने वळतो ते मोजतो, अॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या आधारे डबीचा कल सांगतो. पहिल्याची चूक वेळेबरोबर साचत जाते, दुसरा हालचालीत गडबडतो. दोघांची सांगड घालायला बऱ्याचदा रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेलं गणित वापरतात. अपोलो यानाच्या दिशादर्शनातही तेच होतं. दोन डब्यांच्या कलातला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. हैदराबादच्या स्टार्टून लॅब्जचं ‘फीझी’ हे उपकरण कोनाबरोबर स्नायूंतले विद्युतसंकेतही टिपतं. लकवा झालेल्याचा हात हलत नसला, तरी स्नायू जागा होतोय का, हे त्यातून कळू शकतं. घरच्यांना धीर द्यायला फिजिओथेरपिस्टच्या हाती असा पुरावा असणं मला फार मोलाचं वाटतं.

अडचणी आहेतच. दिशेसाठी चुंबकीय सेन्सर असेल, तर लोखंडी पलंगाजवळ तो चुकतो. विदर्भातल्या मे महिन्यात स्नायूंचे संकेत टिपणारे इलेक्ट्रोड घामाने सुटतात. डबी जरा सरकली की आकडा बदलतो, म्हणून ती नेमकी कुठे बांधायची, हे घरातल्या एकाला नीट शिकवावं लागतं.

त्याहून मोठा प्रश्न उद्दिष्टाचा आहे. सपाट चालायला गुडघा साधारण साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागतं, खुर्चीतून उठायला नव्वदच्या आसपास वाकावा लागतो. हा कोन दाखवणाऱ्या अॅपमधला हिरवा रंग तेवढ्यावर उजळला, तर निंदणाला उकिडवं बसणारी बाई कागदोपत्री बरी होईल आणि वावरात बसू शकणार नाही. तिला एकशेतीसच्या आसपास किंवा अधिक अंश लागतात. सांधा बदललेला असेल, तर उकिडवं बसू नका असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. मग तिचं काम कसं बदलायचं, हेही उपचारातच ठरायला हवं. हा विचार कोणताही सेन्सर करत नाही. तो रुग्णाला ‘तुम्ही दिवसभर काय करता?’ असं विचारणाऱ्या फिजिओथेरपिस्टनेच करायचा.

असं उपकरण इथल्या गरजेतून घडवायची सोय आपल्याकडे आहे. डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र बसवून वैद्यकीय उपकरणं तयार करणारं ‘बेटिक’ केंद्र राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ साली आयआयटी मुंबईत सुरू झालं, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही त्याचं केंद्र उभं राहिलं. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. या मंडळींनी कापूसवेचणीच्या हंगामात एकदा झरी जामणीच्या वावरात यावं, वाकलेल्या कमरा आणि दुमडलेले गुडघे तिथे मोजावेत. आणि तयार झालेली डबी ग्रामीण रुग्णालयातून, कुबड्यांसारखीच, गरज संपेपर्यंत वापरायला मोफत मिळावी.