चर बुजला, पण दबाई झाली का?
पोकलेनच्या व्हायब्रो प्लेटविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाण्याची लाइन किंवा केबल टाकायला रस्ता खोदतात, चर बुजवतात, वर डांबर टाकतात आणि पावसाळ्यात नेमका तोच पट्टा खचतो. बोल डांबराला लागतो, पण अनेकदा खालचा भरावच कच्चा राहिलेला असतो. अरुंद, खोल चरात मोठा रोलर उतरत नाही. तिथे पोकलेनच्या बूमला बकेटऐवजी हायड्रॉलिक व्हायब्रो प्लेट लावतात. प्लेट चालवताना माणसाला चरात उतरावं लागत नाही, त्यामुळे तेवढ्या वेळापुरता दरड अंगावर येण्याचा धोकाही टळतो. यंत्र उत्तम आहे, पण त्याविषयीच्या चुकीच्या समजुतींनी काम बिघडतं.

गैरसमज : पोकलेनच्या वजनानेच माती दबते.
वस्तुस्थिती : मुख्य काम कंपनाचं असतं. प्लेटवरच्या पेटीत एक शाफ्ट असतो आणि त्यावर एकाच बाजूला बसवलेलं वजन. पोकलेनच्या पंपाचं तेल हायड्रॉलिक मोटर फिरवतं आणि मोटर हा शाफ्ट मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांनी फिरवते. वजन मध्यावर नसल्यामुळे प्लेटला सेकंदाला तीसहून जास्त हादरे बसतात. त्यांनी मातीच्या कणांमधलं घर्षण क्षणभर कमी होतं, कण सरकून फटींमध्ये बसतात आणि मधली हवा निघून जाते.

गैरसमज : बूमने जितकं रेटाल तितकी दबाई पक्की.
वस्तुस्थिती : प्लेट आणि वरची चौकट यांच्यामध्ये रबराचे जाड गुटके असतात. कंपन खाली राहावं, बूममध्ये चढू नये, यासाठी ते बसवलेले असतात. रेटा द्यायचा तो रबर थोडं दबेल आणि प्लेट माती सोडणार नाही एवढाच. रबर पुरतं चेपलं की हादरे पिना आणि बुशांमध्ये शिरतात आणि रबर फाटतं. तेलाचा फ्लो वाढवून काम उरकणंही महागात पडतं : फेरे दुप्पट झाले की हादऱ्याचं बल चौपट होतं आणि तो सगळा भार बेअरिंगवर येतो. कंपनीने दिलेली फ्लोची मर्यादा पाळावीच.

गैरसमज : कुठलीही माती या प्लेटने दबते.
वस्तुस्थिती : मुरूम, वाळू, क्रशरची कच यांवर कंपन छान चालतं. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण मात्र एकमेकांना चिकटून असतात. नुसत्या हादऱ्यांनी ते सुटत नाहीत. तिला मळावं किंवा ठोकावं लागतं. मोकळ्या जागी शीपफूट रोलर आणि चरात रॅमर हे काम करतो. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. म्हणून रस्त्याखालचा चर चांगल्या मुरुमाने भरणंच शहाणपणाचं.

गैरसमज : भरपूर पाणी सोडलं की माती आपोआप बसते.
वस्तुस्थिती : अमेरिकन अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की ठरावीक ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते. पाणी कमी असेल तर कण सरकत नाहीत. जास्त झालं तर कणांमधली जागा पाणीच अडवतं. थोडा माती मिश्रित मुरूम मुठीत आवळून पाहा. गोळा झाला आणि मोडल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे पडले, तर ओलावा साधारण ठीक. भुगा झाला तर माती कोरडी, हाताला चिखल लागला तर पाणी जास्त. नेमका आकडा प्रयोगशाळेतूनच घ्यावा.

गैरसमज : अख्खा चर भरून वरून एकदा प्लेट फिरवली की झालं.
वस्तुस्थिती : कंपन खोल जाता जाता विरतं. वरची साय कडक होते, पोट पोकळच राहतं. म्हणून साधारण १५० ते २०० मिमीचा एकेक थर पसरून, दाबून वर यायचं. पाइपच्या माथ्यावरचा निदान ३०० मिमी भराव धुमसाने किंवा हलक्या यंत्राने दाबावा; व्हायब्रो प्लेट त्यानंतर.

गैरसमज : वरून घट्ट दिसतं म्हणजे दबाई झाली.
वस्तुस्थिती : दबाई मोजावी लागते. सँड रिप्लेसमेंट टेस्टमध्ये थरात खड्डा घेऊन निघालेली माती तोलतात आणि खड्ड्याचं आकारमान ठरावीक वाळू ओतून काढतात. प्रयोगशाळेत सर्वाधिक कोरडी घनता घनसेंटिमीटरला २ ग्रॅम आणि जागेवर १.८ ग्रॅम आली, तर दबाई ९० टक्केच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांनुसार भरावाला किमान ९५ आणि रस्त्याच्या थरांखालच्या ५०० मिमी सबग्रेडला ९७ टक्के दबाई लागते. म्हणजे हा थर नापास.

तुमच्या गल्लीतला चर बुजवताना दिसला, तर थर किती जाडीचे टाकताय आणि प्रत्येक थराची घनता तपासली का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. डांबर पडण्याआधी ते विचारण्याचा नागरिक म्हणून तुम्हाला पूर्ण हक्क आहे.