शिकाऊ डॉक्टर आणि रुग्णाची बोली

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्ण दाखल झाला, की नातेवाइकांची गाठ बहुधा प्रथम शिकाऊ डॉक्टरशी पडते. साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यास संपवून तो वर्षभराच्या सक्तीच्या आंतरवासितेवर, म्हणजे इंटर्नशिपवर आलेला असतो. रक्त काढणे, सलाईन लावणे ही कामे त्याची. आणि ‘डॉक्टर, आमचा पेशंट कसा आहे?’ या प्रश्नालाही पुष्कळदा त्यालाच तोंड द्यावे लागते.

रुग्ण काही पुस्तकी भाषेत बोलत नाही. ‘अंगात कणकण आहे’, ‘लघवीला उन्हाळी लागली’, ‘पोटात गोळा येतो’ असे तो सांगतो. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने काही विद्यार्थ्यांना मुळात मराठीच नवी असते. डॉक्टरांच्या बोलण्यानेही घोटाळे होतात. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे’ म्हटले की सगळे ठीक आहे असा समज होतो, आणि ‘निगेटिव्ह’ ऐकून घरची माणसे घाबरतात!

पूर्वी हे बोलणे सहसा कोणी मुद्दाम शिकवीत नसे. वरिष्ठांचे पाहून ज्याला जे जमेल ते. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून मात्र वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे शिक्षण (‘एटकॉम’) अभ्यासक्रमात आले. आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. तरी हे नुसत्या व्याख्यानाने येत नाही. एकाने रुग्ण व्हावे, दुसऱ्याने डॉक्टर, आणि शिक्षकाने चुका दाखवाव्यात, असा सराव वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वीच हवा.

त्यात एक साधी सवय फार मोलाची आहे. ‘समजले ना?’ असे विचारले की प्रत्येक जण मान डोलावतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि कशी घ्याल, मला सांगा पाहू,’ असे विचारावे. मधुमेहाची गोळी जेवणाआधी की नंतर, हा गोंधळ तिथल्या तिथे उघड होतो.

वाईट बातमी सांगायची तर उभ्या उभ्या, व्हरांड्यात नको. बसावे, त्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचारावे, थोडक्यात सांगावे आणि जरा गप्प राहावे. मृत्यूची वार्ता सांगायला इंटर्नला एकट्याने पाठवणे तर आमच्या मते अन्यायच. सोबत वरिष्ठ असलेच पाहिजेत.

वाचकांनीही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी काय करणार, धोका काय आणि दुसरा उपाय आहे का, हे मराठीत विचारून घ्यावे. त्यावर इंटर्न ‘मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगतो’ म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नये. तेवढा वेळ थांबावे आणि उत्तर मिळाल्यावरच सही करावी.