इंजिनाचे काम झाले, तरी आवाज आणि ऑईल? पुन्हा उघडण्याआधी हे पाहा

ट्रॅक्टरच्या इंजिनाचे पूर्ण काम म्हणजे एका चांगल्या बैलाच्या किमतीचा खर्च. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवे टाकायचे, क्रँक घासून आणायचा, आठ-दहा दिवस ट्रॅक्टर उभा ठेवायचा. आणि एवढे करून पहिल्याच नांगरटीला निळा धूर निघतो, आतून ठकठक ऐकू येते, डिपस्टिकवरचे ऑईल रोज खाली जाते. मिस्त्री म्हणतो, "नवं इंजिन हाय, बसंल हळूहळू." शेजारी म्हणतो, "फसवलं तुला, परत उघडायला लाव." खरे कोणाचे? कधी मिस्त्रीचे, कधी शेजाऱ्याचे. पण पुष्कळ वेळा दोष इंजिनाच्या आत नसतोच. पेरणी तोंडावर असताना विनाकारण इंजिन उघडले तर पैसाही जातो आणि वापसाही. म्हणून आधी क्रमाने तपासणी करा. तिला लागतात फक्त दोन-तीन दिवस आणि एक वही.

आधी मोजा, मग बोला

"लई ऑईल खातंय" हे काही मोजमाप नव्हे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून १५ मिनिटे थांबा, मग डिपस्टिक पुसून पाहा. ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि तासांचे मीटर वहीत लिहा. दहा तास काम झाले की त्याच जागी पुन्हा पाहा. जेवढे कमी झाले तेवढे मापाने भरा, आणि मधल्या वेळात डिझेल किती लागले तेही लिहा. ढोबळ हिशेब असा की, १०० लिटर डिझेलमागे अर्ध्या लिटरच्या आत ऑईल लागले तर पहिल्या ५० तासांत घाबरू नये. ते एक लिटरच्या वर जात असेल, किंवा ५० तासांनंतरही आकडा खाली येत नसेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

काही जण "असू द्या जास्त" म्हणून खुणेच्या वर ऑईल भरतात. मग क्रँक ते ऑईल घुसळतो, जादा ऑईल लायनरवर उडते आणि जळते. हा दोष आपलाच. उलट ऑईल आपोआप वाढत असेल तर वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंप किंवा डिझेल पंप आत गळतो आहे. ऑईल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. दोन्ही वेळा इंजिन ताबडतोब बंद ठेवा. पातळ ऑईलवर नवे बेअरिंग फार काळ टिकत नाही.

बाहेर गळते की आत जळते?

रात्री इंजिनाखाली जुना पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग कुठे पडले ते पाहा. रॉकर कव्हर, पुढचे टायमिंग कव्हर, चेंबरचे पॅकिंग या नेहमीच्या जागा. क्लच हाउसिंगच्या तळाला बारीक छिद्र असते, तिथून इंजिन ऑईल टपकले तर मागचे सील गेले किंवा नीट बसले नाही असे समजा.

मग ब्रीदरची नळी पाहा. ती मातीने किंवा चिकट्याने तुंबली असेल तर आतला दाब वाढतो आणि सगळी सीले गळू लागतात. नळी साफ असूनही तिच्यातून गाडीच्या सायलेंसरसारखा जोरात धूर येत असेल, तर रिंगा दाब धरत नाहीत.

एअर क्लीनर विसरू नका

ही गोष्ट फार थोडे लोक पाहतात. ज्या ट्रॅक्टरला ऑईलच्या वाटीचा एअर क्लीनर आहे, त्याच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑईल भरले की इंजिन ते हवेबरोबर ओढून घेते. धूर अगदी रिंगा गेल्यासारखाच निळा! कधीकधी इंजिन त्या ऑईलवरच पळू लागते आणि बंद करूनही बंद होत नाही. मेळाव्यात येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण अधूनमधून सापडते. वाटी खुणेपर्यंत आणली की काम झाले.

दुसरे म्हणजे क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी. तिला चीर असेल किंवा क्लिप ढिली असेल तर उन्हाळी नांगरटीची धूळ सरळ लायनरमध्ये जाते. नव्या रिंगा अशा धुळीत पाहता पाहता घासून जातात. नळी काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर कितीही वेळा इंजिन बांधा, ते पुन्हा ऑईल पिणारच.

धुराचा रंग आणि वेळ

निळा धूर म्हणजे ऑईल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल कच्चे जाते किंवा पाणी शिरते. पण रंगाइतकीच वेळही महत्त्वाची. सकाळी सुरू करताना निळा भपका आला आणि मग धूर थांबला, तर संशय व्हॉल्व गाईडवर घ्या. रात्रभर ऑईल तिथून झिरपून खाली उतरते. नांगर जमिनीत असताना, ओढ लागली की सतत निळा धूर येतो, तर रिंगांकडे पाहा. गाईडचे काम हेड काढून होते, रिंगांसाठी पिस्टन काढावे लागतात. खर्चात मोठा फरक आहे.

आवाज ऐकायचा कसा?

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावा. पंखा आणि पट्ट्यापासून उपरणे, बाह्या दूर ठेवा. त्याआधी पट्टा काढून मिनिटभरच इंजिन चालवा. आवाज गेला तर तो पाण्याच्या पंपाचा किंवा डायनामोचा आहे.

वरून हलकी टकटक येत असेल तर टॅपेट. हेडचे नट पुन्हा आवळले की टॅपेटचा गॅप कमी होतो, म्हणून आवळल्यावर गॅप पुन्हा लावावाच लागतो. मिस्त्री लोकांचे एक खरे आहे, वाजणारा टॅपेट परवडला, पण गच्च बसलेला नको. गच्च टॅपेटने व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि जळतो.

थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर शांत, तर पिस्टन लायनरमध्ये थोडा सैल आहे. आवाज थोडा असेल तर लक्ष ठेवून चालवा.

खालून ठोका येत असेल तर साध्या डिझेल पंपाच्या इंजिनावर मिस्त्रीकडून ही चाचणी करून घ्या. इंजिन हळू चालवून एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट पंपाकडून ढिला करायचा. डिझेलचा फवारा कातडीत घुसतो, तेव्हा हात लांब ठेवा. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नका. ज्या सिलिंडरला ठोका कमी होतो, दोष तिथे. आता त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. आवाज नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर गजन पिन किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. ओढ लागली की खोल धप्प धप्प येते आणि गरम इंजिनावर ऑईलचा काटा खाली पडतो, तेव्हा मेन बेअरिंगवर संशय घ्या आणि ट्रॅक्टर उभा करा. अशा वेळी एक फेरीसुद्धा क्रँक खाऊन टाकते.

नव्या इंजिनाला लाडावू नका

रिंगा बसतात त्या कामाने. नवे इंजिन तासन्‌तास हळू चालवत ठेवले तर लायनरवरच्या बारीक तिरप्या रेघा गुळगुळीत होऊन चकाकतात आणि रिंग धरतच नाही. सुरुवातीला फणणी, मोगडणीसारखे मध्यम काम द्या, वेग बदलत राहा, पूर्ण ओढ मात्र टाळा. ५० तासांनी ऑईल आणि फिल्टर बदला. जुने ऑईल पांढऱ्या फडक्यातून गाळा. थोडी चमचम चालेल, पण कपच्या दिसल्या तर चुंबक फिरवा. चिकटल्या तर लोखंडाच्या, न चिकटल्या तर पिस्टनच्या किंवा बेअरिंगच्या.

मिस्त्रीकडे जाताना

वही सोबत न्या. भांडू नका, विचारा. क्रँक किती घासला आणि बेअरिंग कोणत्या साइजचे टाकले? क्रँक ०.५० मिलिमीटर घासला आणि बेअरिंग ०.२५ चे बसवले तर ठोका पहिल्या दिवसापासून येणारच. रिंगांचा गॅप फीलर गेजने पाहिला होता का? "टॉप" लिहिलेली बाजू वर होती का? रिंगांची तोंडे एका रेषेत तर आली नाहीत ना? हेड टॉर्क पान्याने आवळले का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट तोही वही मागून घेतो. पुढच्या वेळी काम देतानाच ही मापे बिलावर लिहून मागा आणि जुने बेअरिंग, पिस्टन घरी आणा. बेअरिंगच्या पाठीवर साइज कोरलेला असतो, तो आपल्यालाही वाचता येतो.