मुलांच्या हाती कोणते लिंकन द्यावेत?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला. तेव्हापासून तो इतिहास आपल्याला परका नाही. साहजिकच आपल्या मुलांनी अब्राहम लिंकन यांचे चरित्र वाचावे, असे आम्हांस वाटते. प्रश्न इतकाच, की कोणते?

लहानांची बहुतेक पुस्तके लाकडी ओंडक्यांच्या झोपडीपासून सुरू होतात. जन्म केंटकीतला, १२ फेब्रुवारी १८०९ चा. सारे शालेय शिक्षण मिळून वर्षभराचेही नाही. उसने आणलेले पुस्तक पावसात भिजले, तेव्हा मालकाच्या शेतात राबून त्याची भरपाई केली. आपल्या वस्तीतल्या मुलाला हे वाचून बळ येते, यात शंका नाही. इंग्री व एडगर पारिन डोलेर यांच्या १९३९ च्या चित्रमय चरित्राला काल्डेकॉट पदक मिळाले. ते लिंकन यांच्या हत्येपर्यंत जात नाही. थोड्या मोठ्या मुलांसाठी रसेल फ्रीडमन यांचे छायाचित्रांसह लिहिलेले चरित्र (१९८७) आहे. त्याला न्यूबेरी पदक मिळाले. दंतकथांमागचा माणूस ते दाखवते.

प्रौढांसाठी कवी कार्ल सँडबर्ग यांचे सहा खंड आहेत. परंतु गुलामगिरीचा प्रश्न समजून घ्यायचा तर एरिक फोनर यांचा ‘द फायरी ट्रायल’ (२०१०) वाचावा. त्यातले लिंकन झोपडीतून थेट मुक्तिदाते होत नाहीत. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना देशाबाहेर वसवावे, असे ते अनेक वर्षे म्हणत होते. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता. गुलामगिरी देशभर संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५ मध्ये. जाहीरनाम्याआधीच हजारो गुलाम पळून उत्तरेच्या सैन्याकडे आले होते. पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक त्या सैन्यात भरती झाले. लिंकनही बदलत गेले. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या जाहीर भाषणात त्यांनी काही कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा असे म्हटले. तीनच दिवसांनी त्यांना गोळी घातली गेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४५ च्या आपल्या ग्रंथात लिंकन यांना केवळ नमस्कार केला नाही. संघराज्य वाचवणे हेच आपले पहिले ध्येय, असे सांगणारे लिंकन यांचे १८६२ चे पत्र त्यांनी कठोरपणे तपासले. मोठ्या माणसाचा आदर करावा, पण त्याला तपासून घ्यावे, हा धडा आपण तिथून घेऊ शकतो.

मग मुलांना काय द्यावे? आमचे मत असे की, लिंकन यांच्या चरित्राशेजारी फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र (१८४५) ठेवावे. लिंकन यांना गरिबीमुळे शिक्षण मिळाले नाही. डग्लस यांना मात्र अक्षर शिकवण्यासच मालकाने बंदी केली होती. गुलाम असलेला तो पोरगा रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना भाकरी देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकला, पळून जाऊन स्वतंत्र झाला आणि पुढे लिंकन यांनाच जाब विचारू लागला.

ही पुस्तके मूळ इंग्रजीत आहेत. घरात जो कुणी इंग्रजी वाचतो, त्याने रात्री जेवणानंतर चार पाने मुलांना आपल्या मराठीत सांगावीत. केवळ लिंकन वाचणाऱ्या मुलाला वाटेल, स्वातंत्र्य कुणीतरी देते. डग्लसही वाचले, तर ते मिळवावे लागते हे त्याला कळेल.