टीस्पून की टेबलस्पून?

परवा शेजारच्या काकूंच्या नातवाला जुलाब होत होते. मी डोकावले तेव्हा काकू ओट्यापाशी साखर-मिठाचे पाणी करत होत्या. समोर कात्रण होते : एक लिटर पाणी, सहा टीस्पून साखर, अर्धा टीस्पून मीठ. आणि हातात? भाजी वाढायचा मोठा चमचा!

"काकू, आधी चव तर बघा," मी म्हटलं. त्यांनी घोटभर तोंडात घेतलं आणि तसंच मोरीत थुंकलं. "अगो बाई, हे तर समुद्राचं पाणी झालं!"

हसू नका हं. आपल्याकडे 'चमचा' या एका शब्दात दोन्ही बसतात, म्हणून हा घोळ होतो. टीस्पून म्हणजे चहात साखर ढवळायचा लहान चमचा. माप ५ मिलिलिटर. टेबलस्पून म्हणजे त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचा वाढायचा चमचा. माप १५ मिलिलिटर. सरळ तिप्पट! आपला पोहे खायचा चमचा या दोघांच्या मधला कुठेतरी, म्हणजे मापाला अगदीच निरुपयोगी. त्यातून पुस्तकात ही नावे आखूड करून छापतात, 'टीएसपी' आणि 'टीबीएसपी'. मध्ये एक 'बी' काय तो जास्त. काही पुस्तकांत तर नुसता 'टी' असतो. लहान लिपीतला टीस्पूनचा, मोठ्या लिपीतला टेबलस्पूनचा. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मीसुद्धा एकदा केकमध्ये एक टीस्पून खायच्या सोड्याऐवजी टेबलस्पूनभर घातला होता. तो केक आमच्या घरी कुणी तोंडात धरला नाही.

केक टाकून देता येतो. पण जुलाबाच्या पाण्याचं तसं नाही. अर्धा टीस्पून मीठ म्हणजे साधारण ३ ग्रॅम. मोठ्या चमच्याने तेच ९ ग्रॅमच्या घरात जातं, आणि चमचा शिगोशीग भरला तर त्याहूनही वर. मग रक्तातलं मीठ वाढतं, मूल तहानेनं कासावीस होतं, गुंगीत जातं, झटकेसुद्धा येऊ शकतात. साखर जास्त झाली तर जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. म्हणजे उपायच अपाय!

आणि माप बरोबर असेल तर हेच पाणी काय करतं ते ऐका. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधून घेतल्या आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

घरात जलसंजीवनीची पुडी असेल तर अर्थातच तीच बरी. फक्त पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, ते आधी वाचा. पुडी नसेल तरच साखर-मीठ, तेही सपाट चमच्याने. वरचा ढीग सुरीच्या पाठीने काढून टाकायचा. चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावं. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

तापाच्या औषधाचीही हीच कथा. डॉक्टर एक टीस्पून लिहितात, आणि रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत हाताला येईल तो चमचा आपण उचलतो. पॅरासिटामॉलचा तिप्पट डोस पुन्हा पुन्हा गेला तर यकृताला इजा होते. बाटलीवरच्या टोपणाला ५ मिलिलिटरची रेघ असते, ती कशासाठी? आणि एक लक्षात ठेवा, एकाच औषधाची कमीजास्त ताकदीची बाटली मिळते. जुनी संपून नवी आणली की लेबल पुन्हा वाचायचंच.

(तुमची नणंद किंवा बहीण ऑस्ट्रेलियात असेल आणि तिने केकची कृती कळवली, तर तिचा टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो बरं का!)

तुमच्या घरातला कुठला चमचा खरा टीस्पून, हे आजच पाहून टाका. औषधाच्या टोपणात ५ मिलिलिटर पाणी घ्या आणि एकेका चमच्यात ओता. ज्यात ते काठोकाठ बसेल आणि सांडणार नाही, तो तुमचा टीस्पून. मी त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून औषधांच्या डब्यात ठेवला आहे, आणि चहाला तो कुणी घ्यायचा नाही असं घरात बजावलं आहे. काकूंनीही परवा संध्याकाळी तसाच एक शोधून काढला. दुसऱ्या खेपेचं पाणी त्याच चमच्याने नातवाला पाजत बसल्या होत्या.