पंप दिला म्हणजे काम झाले नाही



लागणीच्या तारखा, बेणे बदल, खोडव्याची निगा यांवर आम्ही या पानातून नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी तो आपल्याच फडातला आहे.

गेल्या हंगामात आमच्या गटात आलेल्या एका टोळीत सात वर्षांची एक मुलगी होती. तिला रात्री खोकल्याची उबळ यायची आणि पहाटे धाप लागायची. आईबाप दिवस उगवायच्या आत फडात जायचे आणि ही पोर धाकट्या भावाला घेऊन कोपीत राहायची. एके सकाळी बाप म्हणाला, "सायेब, पोरीच्या छातीत शिट्टी वाजतीया. रातभर बसूनच हाय." आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि दोन पंप लिहून दिले. ते आम्ही घेऊन दिले आणि काम झाले असे समजून मोकळे झालो. दहा दिवसांनी पोरीला पुन्हा उचलून न्यावे लागले.

औषध जवळ असताना असे का झाले, हे गावच्या आशाताईंनी शोधून काढले. आशा कार्यकर्तीची योजना २००५ साली सुरू झाली. साधारण १००० वस्तीमागे त्याच गावातील एक बाई हे काम पाहते. ऊसतोड्यांचे बिऱ्हाड मात्र यात सुटते, कारण नाव एका गावी आणि मुक्काम दुसऱ्या गावी. म्हणून आम्ही ताईंना मुद्दाम कोपीवर नेले.

पहिल्या भेटीत ताईंनी पोरीला त्यांच्यासमोर पंप घ्यायला लावला. फवारा जिभेवर पडला आणि तोंडातून बाहेर आला. फवारा आणि श्वास यांचा मेळ लहान मुलांना जमत नाही, त्यासाठी मध्ये स्पेसर नावाची पोकळ नळी लागते. ती घ्यायची राहूनच गेली होती. नळी मिळत नसेल तर साधी बाटलीही चालते. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या डॉक्टरांनी ५०० मिलीच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचे भोक पाडून, कडा बंद करून मुलांवर वापरून पाहिली. ती विकतच्या नळीइतकीच उपयोगी पडली. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले आहे. डॉक्टरांना विचारून ताईंनी तशीच बाटली करून दिली. पंप हलवायचा, एकदा दाबायचा आणि बाटलीतून पाच-सहा श्वास सावकाश घ्यायचे, हे तिच्याकडून घोटून घेतले.

दुसऱ्या भेटीत कळले की रोजचा पंप बंद आहे. आई म्हणाली, "आता बरं हाय की तिला! आन् पंपाची सवय लागती म्हनं." ताईंनी समजावले, की एक पंप धाप लागली तर घ्यायचा आणि दुसरा श्वासनलिकेची आतली सूज कमी ठेवण्यासाठी, बरे वाटत असतानाही रोज घ्यायचा. त्याचे व्यसन लागत नाही. घेतल्यावर चूळ मात्र भरायची. शेजारची म्हातारी म्हणाली, "दम्याचं नाव काढू नका, पोरीचं लगीन जमायचं न्हाई." तिलाही ताईंनी पटवले की दमा संसर्गाचा नाही आणि लपवला तर जिवावर बेततो.

तिसऱ्या भेटीत चूल दिसली. ती कोपीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या बाजूला होती, त्यामुळे सगळा धूर अंथरुणावर यायचा. चूल हलवली. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत पोरीला दवाखान्यात उचलून न्यावे लागले नाही.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल भागात गरीब वस्तीतील २७४ घरांत असाच प्रयोग झाला. काही घरांत आरोग्य कार्यकर्ते एकदाच गेले, काही घरांत सात वेळा. सात भेटींच्या घरांतील मुलांची तातडीची दवाखान्याची धाव अधिक कमी झाली, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. खोडव्याला एकदाच पाणी देऊन कोणी थांबत नाही, तसेच हे आहे.

आता आपल्याकडचे काम. टोळी उतरताच मुकादमाने आजारी मुलांची नावे आशाताईंना द्यावीत. टोळी परत जाताना डॉक्टरांचे कागद आणि पुरेसे औषध बरोबर द्यावे, म्हणजे तिकडच्या ताईंना पुढे पाहता येईल. मूल बोलताना अडखळू लागले, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर झाले, तर फडाचे काम राहू द्या आणि १०८ ला फोन करा.

आणि सभासदांनो, पाचट पेटवू नका. एकरी ३ ते ४ टन पाचट सरीत कुजवले तर जमिनीला खत होते. पेटवले तर त्याचा धूर आधी कोपीत जातो. आमच्या सांगण्यावरून आजवर खतासाठी पाचट राखले नसेल, तर यंदा त्या पोरींसाठी राखा, ही विनंती.