आकाशातला ‘आशिया’

बेगम बाजारातील पेढीवर वही लिहिताना मी काकांना सांगितले, “आकाशात ‘आशिया’ नावाचा धोंडा आहे.” काका म्हणाले, “भाव काय त्याचा? कॉमर्सच्या मुलाला हे कशाला?”

भाव नाही, पण नोंद आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी नॉर्मन पॉगसन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून हा ६७ क्रमांकाचा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला, म्हणून हे नाव. मंगळ व गुरू यांच्या दरम्यान तो सुमारे पावणेचार वर्षांत सूर्याभोवती फेरी पुरी करतो. तेथे कोणी गेलेले नाही. परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून तो दगडी असल्याचे कळते.

“म्हणजे गोणी न फोडता मालाची पारख!” काका उद्गारले. त्यानंतर त्यांनी माझ्या पुस्तकांना बिनकामाची म्हटले नाही.